सामायिक विहिरीतला निम्मा दगड

आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला दगड बघावे लागतात. ही अट मी कधी बोलून दाखवलेली नाही, पण नांदेडातल्या आमच्या नातेवाइकांना ती पाठ झाली आहे. काही जण दारातूनच सांगतात, आज जरा घाईत आहे. नवरा म्हणतो, तुझ्या दगडांपायी आपल्याकडची माणसं कमी झाली. मी म्हणते, कमी झाली ती जाऊ दे, उरलीत ती टिकाऊ आहेत. मग तो पेपर उघडतो आणि मी कपाट.

हे कपाट मुळात डिनर सेटसाठी घेतलं होतं. काचेची दारं, आत ट्यूबलाइट. डिनर सेट आता पलंगाच्या खोक्यात आहे आणि कपाटात दगड. बहुतेक सगळे आमच्याच जिल्ह्यातले, विहिरींतले आणि खदानींतले. जांभळट गारा, म्हणजे गारगोट्या, पांढऱ्या सुयांचे गोळे, आणि फिकट केशरी रंगाचे ते स्फटिक, जे मधोमध बांधलेल्या ज्वारीच्या पेंढीसारखे दिसतात. त्यांना स्टिल्बाइट म्हणतात, पण मी लहानपणापासून पेंढ्याच म्हणते आणि अजूनही तेच तोंडात येतं. वरच्या कप्प्यात काही लांबचे आहेत, अदलाबदलीत आलेले. कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीतली एक गार आहे. तिच्यात सोन्याची तार आहे असं देणाऱ्यानं सांगितलं होतं. मला ती अजून दिसलेली नाही. राजस्थानातल्या कुठल्याशा जुन्या खाणीतला शिशाचा खडा आहे, दिसायला एवढासा, उचलायला गेलं की मनगट खाली जातं.

दगड गोळा करणारी माणसं एकमेकांना आधी एकच गोष्ट विचारतात, कुठल्या खाणीतला? आणि लगेच दुसरी, खाण चालू आहे का? बंद आहे म्हटलं की फोनवरचा आवाज बदलतो. चालू खाणीतून उद्या याहून चांगला तुकडा निघू शकतो. बंद खाणीतून आता काही निघायचं नाही. बाहेर आलं तेवढंच, आणि ते कुणाकुणाच्या घरी आहे एवढंच बघत बसायचं. पूर्वी मला हे सगळं श्रीमंतांचे चोचले वाटायचे. आता वाटत नाही, कारण माझीही एक बंद खाण आहे. हदगावच्या रस्त्यावरची एक विहीर.

तिच्यातला दगड मधल्या कप्प्यात आहे. त्याच्या शेजारची जागा मी रिकामी ठेवली आहे. पाहुणे विचारतात, इथला कुठं गेला? मी म्हणते, लातूरला.

बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, मुदखेड स्टेशनवर. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. जमिनीची हौस मात्र बाबांना भारी. त्यांच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबून दिवस काढले होते, त्यामुळे स्वतःच्या बांधावर उभं राहायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. हदगावच्या रस्त्यावर एका गावात ओळखीचे एक किराणा दुकानदार होते. लिंगायत, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. त्यांनी आपल्या शेतातला एक तुकडा बाबांना विकला. आता दोघांची शेतं लागून झाली, आणि पाणी दोघांच्याही शेतात नव्हतं. एकट्यानं विहीर पाडायची दोघांचीही ऐपत नव्हती. मग ठरलं, बांधावर मधोमध एक विहीर पाडायची, निम्मी ह्याची निम्मी त्याची.

त्या काळी एका बौद्धाची आणि एका लिंगायताची एक विहीर म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावात कुजबुज झाली. आप्पांना पारावर कुणीतरी टोचून विचारलं. आप्पांकडे देवणी बैलांची जोडी होती, पांढऱ्यावर काळे ठिपके, त्यांचा फार जीव होता त्या जोडीवर. ते म्हणाले, माझ्या बैलाला आणि ह्याच्या बैलाला तहान सारखीच लागते. आणि दुकानात जाऊन बसले. सातबाऱ्यावर नोंद झाली, सामायिक विहीर.

सामायिक म्हणजे सगळंच सामायिक, असं त्या दोघांनी मनावर घेतलं होतं. खर्च निम्मा, पाण्याची पाळी आलटून पालटून, निघालेला मुरूमसुद्धा निम्मा निम्मा दोन्ही बांधांवर. आई हसायची. म्हणायची, उद्या विहिरीत बेडूक निघाला तर त्याचे पण दोन करतील.

काळी माती संपली, मुरूम संपला, मग काळा कठीण दगड लागला आणि सुरुंग लावावे लागले. त्याखाली मांजऱ्या लागला. विहीर पाडणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक ठिपक्याठिपक्यांचा असतो; त्याच्या अंगाला भोकं असतात आणि भोकांत गारा भरलेल्या असतात. एका रविवारी आईबरोबर मी भाकरी घेऊन शेतात गेले होते. खालून गडी ओरडला की पहार आपोआप आत गेली. खडकात मोठी पोकळी निघाली होती, माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढी. थोड्या वेळानं यारीच्या, म्हणजे दगडमाती वर ओढायच्या क्रेनच्या, टोपल्यातून एक मोठं ढेकूळ वर आलं. आप्पांनी त्यावर कळशीभर पाणी ओतलं.

मी पुढं हजारो दगड पाहिले. मुंबईत काचेमागे ठेवलेले पाहिले, पुस्तकांत पाहिले. पण तसा परत पाहिला नाही. खाली काळा दगड, त्यावर केशरी पेंढ्यांचा दाट थर, आणि थरातून शेजारी शेजारी वर आलेले दोन सुळके, मधाच्या रंगाचे, वीतभर उंच, टोकं इतकी तीक्ष्ण की आईनं माझा हात मागे ओढला. ते कॅल्साइट होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी कुणालाच काही कळलं नव्हतं. गडीसुद्धा वर येऊन बिडी न पेटवता बघत उभे राहिले.

बाबांनी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी बाबांकडे. सुळके दोन, मालक दोन. मधून एक चीर गेलेलीच होती. आप्पांनी छिन्नी धरली आणि बाबांनी हातोडी मारली, एकदाच. दगड सरळ दोन झाला.

आज माझ्यासमोर असा दगड कुणी फोडायला निघालं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पण त्या दोघांचे चेहरे मला आठवतात. आयुष्यात काहीतरी अगदी बरोबर केल्यासारखे ते हसत होते. मला त्यांचा राग येत नाही. कितीदा आणायचा प्रयत्न केला, तरी येत नाही.

आप्पांची बायको, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, तिनं त्यांचा निम्मा पदरात घेतला, उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, ही तर पिंडी हाय. बाबा चेष्टेनं म्हणाले, अव्वा, तुमच्या गळ्यात एक लिंग आहेच की, अजून कशाला? तिनं गळ्यातल्या चांदीच्या डबीला हात लावून सांगितलं, "हा माझा. तो घराचा." त्या संध्याकाळी आप्पांच्या देवघरात तो निम्मा बसला आणि आमचा निम्मा सायकलच्या कॅरियरला, बाबांच्या धोतरात गुंडाळून, मुदखेडला आला.

आमच्या घरी देव नव्हते. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली एक लाकडी फळी. दगड फळीवर ठेवला. एका दिवाळीत आईनं त्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं, मुदखेडला झेंडूची काय कमी. बाबांनी ते उचलून तिच्याच केसांत खोचलं आणि म्हणाले, दगडाला दगड राहू दे. ते त्याला पाणीही लावू द्यायचे नाहीत. रविवारी दाढी झाली की दाढीच्या जुन्या, कोरड्या ब्रशनं ते त्याच्यावरची धूळ काढायचे, पेंढ्यांच्या मधून मधून, सुळक्याच्या कडेकडेनं. कानातला मळ काढताना माणूस जसं तोंड करतो तसं तोंड करून. मी शेजारी बसायचे. दगडांकडे बघायचं कसं हे मला कुणी शिकवलं असेल तर त्या ब्रशनं.

पुढं आप्पांच्या मुलानं लातूरला दुकान टाकलं आणि ते सगळं घर तिकडं गेलं. त्यांचं शेत बाबांनी बटईनं, निम्म्या वाट्यानं, केलं. वर्षातून एकदा बाबा लातूरला जायचे. बसनं सरळ जाता येतं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत. पण बाबांकडे रेल्वेचा पास होता, त्यामुळे ते पूर्णा, परभणी, परळी असा सगळा मुलूख फिरून, गाड्या बदलत, थेट तिसऱ्या दिवशी परत यायचे. आई चिडायची. पीकपाणी सांगायला जातोय म्हणायचे. पीकपाणी तर पत्रातही सांगता आलं असतं, पण आम्ही खोलात शिरलो नाही. आप्पा गेले त्यानंतरही ते जातच राहिले. मग एका उन्हाळ्यात बाबाही गेले, छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यानंतर लातूरशी आमचा धागा तुटला.

मी तोवर नांदेडात शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. बाबा गेले त्या वर्षापासून मी दगड शोधायला लागले. कारण काय, मला नीट सांगता येत नाही. रविवारी घरी बसवायचं नाही एवढं खरं. कुठं विहीर पाडतायत कळलं की पिशवीत छिन्नी, जुने पेपर आणि डबा घेऊन मी निघायचे. ढिगाऱ्यावर उन्हात वाकलेली बाई बघून लोक यायचेच. "काय शोधून राहिल्या बाई?" मी म्हणायचे, गारा. त्यांना ते पटायचं नाही. हदगावकडच्या एका गावात मी गुप्तधन शोधते अशी बातमी पसरली आणि एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन, सापडलं तर तुम्हाला निम्मं देऊ का असं विचारलं. शेत त्याचंच होतं. निम्मं हा शब्द ऐकून मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. म्हातारा घाबरून निघून गेला.

हळूहळू विहिरी पाडणंच कमी झालं. आता बोअर मारतात. बोअरमधून खालचा दगड पीठ होऊन वर येतो, राखाडी, ओला, सगळा सारखा. त्या पिठात किती पेंढ्या आणि किती सुळके दळले गेले असतील, या विचारानं माझा जीव तळमळतो. खदानीत जावं तर क्रशर चालू. रस्त्याला खडी लागते, खडीला रंग लागत नाही.

मला लातूरचा निम्मा हवा होता. सरळच सांगते, हव्यास होता. रात्रंदिवस नाही, पण कपाट उघडलं की दर वेळी. आमच्या निम्म्याची एक बाजू तुटलेली होती, छिन्नीची, आणि ती बाजू मी नेहमी भिंतीकडे करून ठेवायचे. दोन्ही तुकडे एकदा जोडून बघायचे होते. त्या रविवारी यारीच्या टोपल्यातून वर आलेला तो अख्खा दगड मला परत बघायचा होता. आणि तो बघितला की बाबांच्या हातातली हातोडीही दिसेल, आप्पांच्या हातातली छिन्नीही, असं काहीतरी खुळ्यासारखं डोक्यात होतं. पण जायचं कुठल्या तोंडानं? देवघरातला देव मागायला?

मग रस्ता चौपदरी झाला आणि विहीर त्यात गेली. मी बघायला गेले तेव्हा पोकलेन तिच्यात मुरूम ढकलत होता. ज्या विहिरीतून एवढा मुरूम काढला, तिच्यात परत मुरूमच. गेलेल्या जागेच्या मोबदल्याच्या सह्यांसाठी तहसीलमध्ये बोलावणं आलं, आणि सामायिक विहीर असल्यामुळे आप्पांचा मुलगाही लातूरहून आला. डोक्यावरचे केस गेलेले, तरी हसणं आप्पांचंच. कागदांचं आटोपल्यावर आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. मी दगडाचं विचारायच्या आधी तोच म्हणाला, अव्वा आहे अजून. आणि देव पण आहे. एकदा या.

मी गेले. जाताना पिशवीत दोन वस्तू होत्या. जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला आमचा निम्मा, आणि नांदेडच्या बाजारातून घेतलेली स्फटिकाची एक गुळगुळीत, चमकदार पिंडी. आम्हा दगड गोळा करणाऱ्यांत मागायची पद्धत नाही, बदलायची आहे. तुझा दे, माझा घे. देवाच्या बदल्यात देव देऊ, असा मी हिशेब केला होता. अहमदपूर येईपर्यंत तो मला फार हुशारीचा वाटत होता.

दुकान गंजगोलाईजवळ, घर वरच्या मजल्यावर. अव्वा खुर्चीत बसली होती. अंगानं अगदी एवढीशी झालेली, पण विभूतीचे पट्टे तसेच ठळक. तिनं मला आधी ओळखलं नाही, मग बाबांचं नाव सांगितल्यावर दोन्ही हात पुढे केले. "बा गं बा, कूत्को," असं घरच्या कानडीत म्हणत जवळच्या स्टुलावर बसवलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ बापाचं हाय, म्हणाली. चहा येईपर्यंतसुद्धा माझ्याच्यानं राहवलं नाही. देवघर बघू का, असं विचारलं.

पितळी ताम्हणात तो बसला होता. मी वाकले आणि मला वाटलं, हा तो नव्हेच.

सुळका नव्हताच तिथं. अंगठ्याएवढं एक बोंड होतं, चोखून चोखून गोल झालेल्या खडीसाखरेसारखं, धुरकट. भोवतीच्या पेंढ्या पांढुरक्या पडलेल्या, कडा गेलेल्या. एका क्षणात मला कळलं काय झालं असणार. शाळेत दर वर्षी मी मुलांना तेच करून दाखवते, चुनखडीच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकते, तो फसफसतो आणि मुलं खूश होतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते या बाईनं धुऊन टाकलं, असं मनात आलं आणि तोंडावरही आलं असणार.

अव्वा काठी टेकत मागून आली होती. ती कौतुकानं सांगायला लागली. पूर्वी दर सोमवारी पंचामृत. तुपामधानं देव चिकट व्हायचा, मग ताम्हण, समया घासताना त्यालाही लिंबाची फोड लावायची. आणि लिंबू लावलं की देवाच्या अंगातून बारीक बारीक बुडबुडे निघायचे. कान लावला तर आवाजही यायचा. देव श्वास घेतो, असं सगळे म्हणायचे. गल्लीतल्या बाया सोमवारी देवाचा श्वास ऐकायला यायच्या, बाळंतिणी पोरांना घेऊन यायच्या.

मी स्वेटर सोडला आणि आमचा निम्मा तिच्यापुढे धरला. ते मी चिडून केलं की दाखवायचं म्हणून केलं, मला माहीत नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि सुळका टोकापर्यंत पेटल्यासारखा झाला.

अव्वानं बराच वेळ पाहिलं. मग टोकाला एक बोट लावलं.

"एवढा होता व्हय हा?" ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारपणी देवबी बारीक होतो."

आता सांगावं की सांगू नये? एका वाक्याचं काम होतं. लिंबानं झालं, अव्वा. पण ती आयुष्यभराची पूजा होती, आणि त्या वाक्यानंतर तिच्याजवळ काय उरणार होतं? मी तोंड उघडलंही असेल. तिनं माझ्याकडे न बघताच हात हलवला.

"तुजा बाप यायचा दर साली," ती म्हणाली. "आल्याबरोबर हात धुवायचा अन् देव मागायचा. मांडीवर घेऊन बसायचा, उन्हाकडं धरायचा. पाया पडायचा न्हाई, नुसता बघायचा. एका सोमवारी त्यानं श्वास बघितला. मला म्हणला, अव्वा, लिंबू नका लावू ह्याला, साधं पाणी लई झालं. मी मनात म्हणलं, ज्याच्या घरी देव न्हाई त्याला देवाचं काय ठाव. लावतच ऱ्हायले. त्यानंबी परत म्हणलं न्हाई. नुसता यायचा, बघायचा, ठेवायचा." तिनं पदरानं दगडाची कड पुसली. "तो गेल्याची खबर आली तवा वाटलं, एवढं एकच मागितलं होतं त्यानं. तवापासून लिंबू बंद. पंचामृत बंद. साधं पाणी. श्वास थांबला देवाचा. बाया यायच्या बंद झाल्या, म्हणल्या, अव्वाच्या हातनं काही चुकलं. म्हणू दे. तवापासून झिजलाबी न्हाई."

मी तिच्या देवघरासमोर फरशीवर बसले आणि रडले. म्हणजे बाबा पीकपाणी सांगायला जात नव्हते. पूर्णा, परभणी, परळी करत, गाड्या बदलत ते दर वर्षी हा निम्मा बघायला येत होते. तो झिजतोय हे त्यांना दर वर्षी दिसत होतं, आणि एकदा सांगून ते गप्प बसले होते. तो निम्मा आप्पांच्या घरचा, त्याचं काय करायचं ते त्या घरानं ठरवावं, असं त्यांना वाटलं असणार. आम्हाला त्यातलं काहीही कधी बोलले नाहीत. घरी येऊन रविवारी ब्रश घेऊन आमच्या दगडाची धूळ काढत बसायचे, तेव्हा त्यांच्या मनात दुसराच दगड असायचा. आणि मला वाटायचं मी शेजारी बसले आहे म्हणजे मला सगळं दिसतंय.

अव्वाच्या मुलानं तिला खाली बसायला मदत केली. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, जोडून बघू की. दोन्ही तुकड्यांचा खालचा काळा दगड तसाच होता, त्याला लिंबाचं काही लागलं नव्हतं. ताम्हणात ते एकमेकांना लावले तसे खाली घट्ट बसले, छिन्नीची रेघही दिसेना. वर मात्र फट होती, तिच्यातून करंगळी आत गेली असती. एका बाजूला वीतभर सुळका आणि त्याच्या कुशीत ते अंगठ्याएवढं बोंड. तिनं दोन्हींना दोन्ही हातांनी धरून ठेवलं. चहा आला तरी सोडेना. शेवटी मुलानं कप तिच्या तोंडाला लावला.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यातसुद्धा तिनं देवाला रोज एक पळी पाणी घातलं होतं, असं मुलगा सांगत होता. स्वतःच्या तांब्यातलं काढून. ते पाणी रेल्वेचं होतं म्हणून ती म्हणायची, हे त्याच्या रेल्वेतल्या दोस्ताकडनं आलं.

पिशवीतली बाजारातली पिंडी मी बाहेर काढलीच नाही.

निघताना अव्वा म्हणाली, "तू ह्याच्यासाठीच आली, मला काय कळत न्हाई? माझ्या माघारी घेऊन जा. ह्याला सांगून ठेवते." मुलानं मान हलवली. "तवर ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. आणि तुजा इथं ठेवू नको. गर्दीत टोक मोडंल त्याचं."

म्हणजे शब्द मिळाला. इतक्या वर्षांनी, न मागता. बसमध्ये स्वेटरचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, तरी होईना. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, मिळाला? मी म्हणाले, मिळाल्यासारखाच आहे. त्यानं माझं तोंड बघितलं आणि स्वतःच चहा टाकला.

परवा शाळेत मधली सुट्टी होती आणि फोनवर लातूरचा नंबर दिसला. आप्पांचा मुलगा कधी फोन करत नाही. मैदानात पोरांचा इतका गलका, तरी मला नुसती फोनची घंटा ऐकू येत होती. उचलला, तर तो म्हणाला, अव्वा विचारतेय, घरी नवीन फिल्टर बसवलाय, त्याचं पाणी देवाला घातलं तर चालेल का? बोअरचं पाणी लई जड झालंय, ताम्हणावर पांढरे डाग पडतात. मागून अव्वाचा आवाज येत होता, तिलाच विचार, तिच्या बापाला कळत होतं.

मी भिंतीला टेकले. म्हणाले, फिल्टरचं नको. बोअरचंच घाला. जड पाण्यात चुना असतो, आणि हा दगडही त्याच चुन्याचा. फिल्टरच्या पाण्यानं तो अजून झिजेल. जड पाण्यानं झिजायचा नाही, झालंच तर त्याच्यावर केसाएवढा थर चढेल. तो म्हणाला, म्हणजे वाढेल? मी म्हणाले, हो, अव्वाला सांग, वाढेल. पण फार वर्षं घालावं लागेल. रोज.

त्यानं ते तिला ओरडून सांगितलं. ती काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही. त्यानं सांगितलं, अव्वा म्हणते, घालते.

संध्याकाळी घरी येऊन मी कपाट उघडलं आणि मधल्या कप्प्यातली ती रिकामी जागा बाबांच्या ब्रशनं झाडली. जागा आहे तशीच ठेवली आहे. फक्त आता लातूरचा नंबर दिसला की मी फोन उचलायच्या आधी मनात म्हणते, आज नको.